फ्लॉरेन्सच्या खिशातली अथेना

आमच्या घरात तीन महिन्यांपासून एक पाहुणी आलीय. पिवळीधमक, वीतभर लांबीची आणि हाताला जाम घाबरणारी. माझ्या लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, नव्या गावी पक्षी नेणं जमणार नव्हतं, म्हणून पिंजऱ्यासकट ती आमच्याकडे आली. बाजारात याला ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण हा खरा ऑस्ट्रेलियातला बजरीगर. आम्ही तिला नुसतं पिवळीच म्हणतो.

आल्या दिवसापासून तिचं एकच. पाण्याची वाटी काढायला हात आत घातला की पंख आपटत, गजांवर धडका देत कोपऱ्यात जाऊन थरथरायची. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिची नखं फार वाढलीत असं वाटून मी एके दिवशी तिला टॉवेलमध्ये पकडलं आणि नखं कापली. काम दोन मिनिटांत झालं, पण त्यानंतर माझी नुसती सावली पडली तरी तिचं काळीज लकलक उडताना दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, अगं, मुक्या जिवाला अशी झडप घालतात का? मला काही उत्तर सुचलं नाही.

त्याच सुमारास १२ मेच्या परिचारिका दिनाला नर्सिंगच्या मुलींसमोर दोन शब्द बोलायचं आमंत्रण आलं. आता फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली हातात दिवा घेतलेली बाई एवढंच डोळ्यांसमोर येतं. म्हणून वाचनालयातून मिळतील ती पुस्तकं आणली आणि दुपारची कामं आवरून वाचत बसले. आणि काय सांगू मैत्रिणींनो, त्या दिवेवालीच्या खिशात मला चक्क एक घुबड सापडलं!

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. त्यावरूनच तिचं नाव ठेवलं. तिच्याहून वर्षानं मोठी बहीण नेपल्समध्ये जन्मली, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. घर गडगंज श्रीमंत. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यासाठी एक हवेली, थंडीसाठी दुसरी. वडील हौशी, त्यांनी दोघी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास, गणित शिकवलं. पण शिकून करायचं काय? तर दिवाणखान्यात बसून भरतकाम, पाहुण्यांशी गप्पा आणि योग्य वेळी योग्य स्थळ. बस्स!

सोळा वर्षांची असताना, १८३७ च्या फेब्रुवारीत, तिला आपल्याला देवानं सेवेसाठी बोलावलंय असं मनापासून जाणवलं. ती सेवा म्हणजे रुग्णांची शुश्रूषा, हे उमगायला पुढे काही वर्षं गेली. घरी हे सांगितल्यावर आईनं आणि बहिणीनं आकाशपाताळ एक केलं. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. त्या काळात इंग्लंडमधल्या रुग्णालयातल्या नर्सबाया म्हणजे दारू पिणाऱ्या, अडाणी, असाच लौकिक होता. घरंदाज मुलगी तिथं? छे! फ्लॉरेन्स पहाटे उठून चोरून रुग्णालयांचे अहवाल वाचायची आणि न्याहारीच्या वेळी पुन्हा शहाण्या मुलीसारखी खाली येऊन बसायची. वर्षानुवर्षं थांबलेल्या, तिलाही आवडणाऱ्या रिचर्ड मॉन्कटन मिल्न्स या कवी-खासदाराला तिनं १८४९ मध्ये नकार दिला. मग तर घरातलं वातावरण आणखीच कोंदट झालं. सोन्याचा असला तरी पिंजरा तो पिंजराच ना?

तिची अवस्था बघून ब्रेसब्रिज हे स्नेही दांपत्य तिला इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाला घेऊन गेलं. जून १८५० मध्ये मंडळी अथेन्सला होती. तिथल्या टेकडीवर पार्थेनॉन हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं अथेना देवीचं मंदिर आहे. त्या पडक्या मंदिरातल्या घरट्यातून एक पिल्लू खाली पडलं होतं आणि पोरंटोरं त्याचे हाल करत होती. फ्लॉरेन्सनं पोरांना थोडे पैसे देऊन ते सोडवून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं अथेना.

हे पिल्लू छोट्या घुबडाचं. आपल्याकडे अंगणातल्या चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या ढोलीत दिसतो ना पिंगळा, त्याचंच हे युरोपातलं भावंड. एकाच कुळातले दोघं. मूठभर देह, मोठे पिवळे डोळे आणि कायम रागावल्यासारखी नजर. याच कुळातला आपला रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षं नाहीसा झाला असं समजत होते, तो १९९७ मध्ये आपल्याच सातपुड्यात, शहाद्याजवळ पुन्हा दिसला. हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. घुबड आणि घरात? मी म्हटलं, आई, ग्रीक लोक घुबडाला बुद्धीच्या देवीचं पाखरू मानायचे आणि आपल्या लक्ष्मीचं वाहनही घुबडच की! त्या गप्प बसल्या, पण पटलेलं काही दिसलं नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट पुढे होती. ही अथेना सुरुवातीला भयंकर चिडकी होती. चोच आणि नख्या उगारायची, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, पिंजऱ्यात जायची नाही. साहजिक आहे. माणसाच्या हाताची तिची पहिली ओळख त्या पोरांच्या हातांची. त्या काळी युरोपात ‘मेस्मेरिझम’चं वेड होतं. नजर स्थिर ठेवायची, हात संथपणे फिरवायचे आणि समोरच्याला शांत करायचं. फ्लॉरेन्सनं तो प्रयोग या पिल्लावर केला म्हणतात, आणि ते निवलं. मला विचाराल तर यात जादू काही नसावी. भेदरलेल्या जिवासमोर कुणीतरी पहिल्यांदाच न ओरडता, न झडप घालता बसलं होतं, एवढंच.

मग हळूहळू खाऊसाठी अथेना बोटावर येऊन बसायला लागली. मान लववून नमस्कार केल्यासारखं करायला शिकली. पुढच्या सगळ्या प्रवासात ती फ्लॉरेन्सच्या खिशात. सोबत दोन कासवं आणि प्लेटो नावाचा एक रातकिड्यासारखा किडाही होता. पण तत्त्वज्ञाचं नाव असून उपयोग काय, एक दिवस अथेनानं प्लेटोला गट्ट करून टाकलं! माणसाळली म्हणून पाखराची जात बदलत नाही, हेही खरंच.

परतीच्या वाटेवर जर्मनीत कैसरवर्थ इथं धर्मसेविकांचं रुग्णालय होतं. फ्लॉरेन्स तिथं दोन आठवडे राहिली आणि आपल्याला हेच करायचंय हे तिनं पक्कं केलं. २१ ऑगस्ट १८५० ला ती अचानक घरी पोचली, तेव्हा घुबड तिच्या खिशातच होतं. घरच्यांनी घुबडाचे लाड केले. कैसरवर्थचं नाव काढताच मात्र तोंडं फिरली. पुढचे सहा महिने तिला बहिणीच्या दिमतीला राहावं लागलं, कारण पार्थेनोपीची तब्येत म्हणे धाकटीच्या हट्टामुळे बिघडली होती. बायांनो, घरोघरी मातीच्या चुली, मग ते घर इंग्लंडमधलं का असेना!

तरी तिनं चिकाटी सोडली नाही. १८५१ मध्ये पुन्हा कैसरवर्थला जाऊन तीन महिने रीतसर शिकून आली. शेवटी १८५३ मध्ये वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड तिच्या नावानं द्यायचं कबूल केलं. त्याच वर्षी लंडनमधल्या आजारी स्त्रियांसाठीच्या एका संस्थेची ती प्रमुख झाली. वय तेहतीस. पिंजऱ्याचं दार उघडायला सोळा वर्षं लागली होती.

मग क्रिमियाचं युद्ध आलं. तुर्कस्तानात स्कुटारीच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचे हाल होताहेत अशा बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. ऑक्टोबर १८५४ मध्ये युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्सला परिचारिकांची तुकडी घेऊन जायला सांगितलं. हाताशी दिवस अगदी थोडे. सगळं घर तयारीत बुडालेलं, सगळ्यांची लंडनला धावपळ. त्या गडबडीत अथेनाला माळ्यावर ठेवलं. उंदीर मारून खाईल, घुबडच तर आहे, असा समज. पण चार वर्षं हातून भरवून घेतलेल्या त्या पाखराला शिकार कुठली यायला? आणि माणसांची सवय झालेली, एकटेपण कुठलं सोसायला? कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती मरून पडली होती.

एवढ्या मोठ्या मोहिमेच्या तोंडावर, देशभरातून कौतुक होत असताना न हललेली फ्लॉरेन्स, ते एवढंसं कलेवर हातात घेऊन मात्र रडली असं सांगतात. वाचताना मीही पुस्तक मिटून ठेवलं. कुणाचा राग करायचा? घरच्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. फक्त विसरले होते.

२१ ऑक्टोबरला ३८ बायका घेऊन ती निघाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्कुटारीला पोचली तर तिथं वेगळंच. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. वॉर्डात पाऊल टाकायला मनाई. सोबतच्या परिचारिका चिडल्या, समोर माणसं मरताहेत आणि आपण बसून राहायचं? फ्लॉरेन्सनं त्यांना बसवून ठेवलं. चादरी फाडा, पट्ट्या शिवा, उशा भरा, पण डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकाही रुग्णाला हात लावायचा नाही. मन घट्ट करून घेतलेला निर्णय असणार तो. लवकरच लढाईतल्या जखमींच्या बोटींवर बोटी आल्या, डॉक्टरांचे हात अपुरे पडले आणि त्यांनी आपणहून बोलावणं पाठवलं. त्यानंतर तिला कुणी दाराबाहेर उभं केलं नाही.

हा भाग वाचताना मला आमच्या केंद्रातली एक बाई आठवली. महिलांच्या सल्ला केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसते. दोन वर्षांपूर्वी ती आली होती. पंचविशीची असेल. बोलता बोलता मी भिंतीवरचा पंखा लावायला हात वर केला तर ती एकदम मान खाली घालून आक्रसली. काय समजायचं ते मी समजले. आणि समजले म्हणूनच घाई केली. त्याच दिवशी कागद पुढे केला. तक्रार लिही, सही कर, आम्ही आहोत ना! तिनं मान डोलावली, पाणी प्यायली, निघून गेली. परत आली नाही. माझा हेतू वाईट नव्हता हो. टॉवेल घेऊन पिवळीला धरलं तेव्हाही नव्हता.

स्कुटारीत फ्लॉरेन्स रात्री कंदील घेऊन खाटांच्या लांबच लांब रांगांमधून फिरायची, मरणाऱ्यांजवळ बसायची, त्यांच्या घरी पत्रं लिहायची. पण तिची मोठी लढाई घाणीशी होती. इमारतीच्या पोटात गटारं तुंबलेली होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथं शंभरातले बेचाळीस रुग्ण दगावत होते, तेही जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि तापानं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनवर आलं. हे आकडे ती जन्मभर विसरली नाही.

त्याच वर्षी ती स्वतः तापानं अंथरुणाला खिळली. तेव्हा इंग्लंडहून एक छोटी पुस्तिका आली. पार्थेनोपीनं अथेनाचं चरित्र लिहून, स्वतः चित्रं काढून आजारी बहिणीसाठी पाठवलं होतं. हीच ती बहीण, जिनं तिच्या वाटेत काटे पेरले होते. माफी मागायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असते. त्या पुस्तिकेत काही अंशी ती माफीच असावी असं मला वाटतं. अथेनाच्या गोष्टी आज आपल्याला कळतात त्या बऱ्याचशा या पुस्तिकेमुळेच.

१८५६ मध्ये फ्लॉरेन्स गाजावाजा न करता घरी परतली. सैनिक कशानं मेले हे तिनं १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवलं. संख्याशास्त्राच्या इंग्लिश संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावानं परिचारिकांची शाळा सुरू झाली. आपल्या देशात ती कधीच आली नाही, पण इथल्या गोऱ्या फौजेचं मृत्यूचं प्रमाण हजारी ६९ होतं, ते स्वच्छतेच्या सुधारणांनंतर १८ वर आल्याचा हिशेब तिनं मांडला. पुढे इथली खेडी, दुष्काळ, पाणी यांचाही तिनं ध्यास घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. आणि हे सारं बहुतेक वेळ आजारपणात एका खोलीत पडून! क्रिमियातल्या त्या तापानं तिला पुन्हा धड होऊच दिलं नाही.

म्हणूनच असेल, शुश्रूषेवर १८५९ मध्ये लिहिलेल्या तिच्या छोट्या पुस्तकात पाखरू आलंय. वर्षानुवर्षं एकाच खोलीत पडून असलेल्या रुग्णाला पिंजऱ्यातल्या पक्ष्याची मोठी सोबत होते आणि त्याला खाऊपाणी रुग्णानं स्वतः द्यावं, असं ती सांगते. रुग्णाशी कसं वागावं याचे तिचे नियम तर किती साधे! त्याच्या मागून बोलू नका. त्याला दिसेल असं समोर बसा. अचानक काही करू नका. खाटेला टेकू नका, ती हलवू नका. दारापाशी कुजबुजू नका. धसमुसळेपणा करू नका आणि सळसळणारे कपडे घालू नका.

वाचता वाचता मी मान वर करून पिवळीकडे बघितलं. अगं बाई, हे तर सगळं हिच्यासाठीच लिहिलंय!

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. पिंजरा खोलीच्या मध्यात टांगलेला होता, चारी बाजूंनी येजा. तो एका बाजूनं भिंतीला लागेल असा, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. वरून येणारा हात पाखराला घारीसारखा वाटतो, म्हणून वाटी काढायची ती खालून, आधी बोलून, सावकाश. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मी नुसती पिंजऱ्याजवळ बसायला लागले, मेथी निवडत, हळू आवाजात काहीबाही बोलत. पहिले आठ दिवस हात आत घातलाच नाही, फक्त बाहेर गजांजवळ ठेवला. तिनं पिसं अंगाशी घट्ट आवळली, मान ताणली की हात मागे. पिसं सैल झाली, ती पंख साफ करू लागली की समजायचं, बाईसाहेब निवांत आहेत.

मग राळ्याचं कणीस गजांतून धरलं. मग उघड्या दारातून. मग तळहातावर दाणे, हात अगदी स्थिर. पाचव्या आठवड्यात तिनं एक पाय माझ्या बोटावर ठेवला आणि काढून घेतला. लेक आनंदानं ओरडणार तोच मी डोळे वटारले! दोन दिवसांनी दोन्ही पाय. इतकंसं वजन, पण मला केवढं जड वाटलं म्हणून सांगू. आता ती खांद्यावर बसून माझ्या कानातल्याशी खेळते. पुन्हा नखं कापायची वेळ आली तर पशुवैद्यांकडे नेईन. ज्या हातावर ती बसते तो हात मी धरायला वापरणार नाही.

हे वाचून कुणी पोपट आणायला धावू नका हं. आपल्याकडचे पोपट, मुनिया, घुबडं पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पिंगळा त्याच्या ढोलीतच छान दिसतो. आणि बजरीगर आणलाच तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती अथेनाच्या माळ्यावरची. विश्वास बसला की ते पाखरू स्वतःचं रक्षण करायचं सोडून देतं. ते काम आता आपलं असतं. सुट्टीत गावाला जाताना, घरात लग्नकार्य निघाल्यावर, आपण मोठ्या कामात असतानासुद्धा. माया संपली म्हणून नव्हे, गडबड झाली म्हणून अथेना गेली.

फ्लॉरेन्स १३ ऑगस्ट १९१० ला नव्वदीत वारली. तिच्या नावाचं संग्रहालय लंडनला सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात आहे. पेंढा भरलेली अथेना तिथं काचेआड आहे, अजून तशीच रागावल्यासारखी बघत.

१२ मेला मी नर्सिंगच्या मुलींना दिव्याऐवजी हीच गोष्ट सांगितली. इंजेक्शनची सुई हातात घेण्याआधी रुग्णासमोर दोन मिनिटं बसा, एवढंच शेवटी म्हटलं.

आणि केंद्रात आता मी पहिल्या दिवशी कागद पुढे करत नाही. अंगावर ताजी जखम असेल, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पोलीस आणि डॉक्टर आधी. एरवी चहा मागवते, खुर्ची तिच्या समोर ओढते, हात मांडीवर ठेवते. पुढच्या खेपेला कधी यायचं ते तिलाच ठरवू देते. मागच्या महिन्यात दोन वर्षांपूर्वीची ती बाई बाजारात दिसली. मी हाक मारली नाही, फक्त हसले. ती क्षणभर थांबली आणि मी अजून मंगळवारी बसते का, असं विचारलं. बसते म्हटलं.

अजून आलेली नाही. पण मंगळवारी माझ्या समोरची खुर्ची मी रिकामी ठेवते.